रांजणवाडीसाठी शेकाचे मास्क: काय घ्यावं, काय दुकानातच राहू द्यावं

पापणीच्या कडेला लाल, ठणकणारी पुळी आली की पुण्यात बहुतेक लोक कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन "रांजणवाडीवर काहीतरी द्या" म्हणतात, आणि हातात अँटिबायोटिक थेंबांची बाटली पडते. थेंब डोळ्यात पडतात, पुळी असते पापणीच्या जाडीत. तिथवर पोचतो तो शेक. म्हणून हे परीक्षण शेकाच्या साधनांचं आहे. मलमं, थेंब आणि पापणी पुसायचे वाइप्स यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे, पण त्यांचा नंबर नंतरचा.

निकाल आधीच सांगतो. रांजणवाडी कधीतरी एखाद्या वेळी आली असेल तर काहीही विकत घेऊ नका, सुती पंचा आणि पोळ्यांचा कॅसरोल पुरतो. वरचेवर येत असेल, पापण्यांच्या मुळांशी कोंडा दिसत असेल किंवा दिवसभर स्क्रीनसमोर बसून डोळे कोरडे पडत असतील, तर मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा मण्यांचा मास्क घ्यावा. बाकीच्यांपैकी काही चालतात, काही नाहीत, आणि त्याची कारणं पापणीच्या रचनेत आहेत.

पापणीच्या कडेत तेलाच्या बारीक ग्रंथी ओळीने उभ्या असतात. त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. वरच्या पापणीत साधारण २५ ते ४०, खालच्या पापणीत २० ते ३०. त्यांची तोंडं केसांच्या ओळीच्या मागे, डोळ्याला लागून असलेल्या कडेवर उघडतात आणि त्यातून येणारं तेल अश्रू लवकर उडून जाऊ देत नाही. केसांच्या मुळाशी आणखी दोन प्रकारच्या छोट्या ग्रंथी असतात, झाइस आणि मोल नावाच्या. यातल्या एखादीचं तोंड बंद झालं, आत साठलेल्या स्रावात जंतू वाढले की रांजणवाडी होते. जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस. तो अनेकांच्या नाकात आणि कातडीवर एरवीही असतो. केसाच्या मुळाशी झालेली रांजणवाडी बाहेरून पिवळं तोंड धरते. मायबोमियन ग्रंथीतली आतल्या बाजूला तोंड धरते, जास्त दुखते आणि बाहेरून नुसती सूज दिसते. आंबे खाल्ल्याने उष्णता होऊन रांजणवाडी येते या समजुतीला या सगळ्यात कुठेच जागा नाही.

तेल घट्ट झालेलं असतं. ते पातळ होऊन वाहायचं, तर पापणीच्या आतल्या बाजूला साधारण ४० अंश सेल्सिअस तापमान काही मिनिटं टिकलं पाहिजे. पापणीची कातडी शरीरात सगळ्यात पातळ, आणि ४५ अंशांच्या वर जास्त वेळ गेलं तर ती भाजते. म्हणजे हातात चार-पाच अंशांचीच जागा आहे. एका वेळी १० मिनिटं, दिवसातून ३ ते ४ वेळा, हे प्रमाण. कोणतंही साधन घ्या, त्याला एवढंच विचारायचं: १० मिनिटं ते त्या चार-पाच अंशांत राहतं का?

पंचा आणि कॅसरोल या परीक्षेत चांगले पास होतात, फक्त रीत नीट हवी. लोक पंचा गरम पाण्यात बुडवून, पिळून डोळ्यावर ठेवतात आणि दहा मिनिटं तसेच पडून राहतात. ओला पंचा दोन मिनिटांत कोमट होतो, पुढची आठ मिनिटं वाया. त्यासाठी कॅसरोल. पुण्याच्या उंचीवर, म्हणजे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, पाणी ९८ अंशांना उकळतं. कॅसरोलमध्ये एक भांडं उकळतं पाणी आणि तीन भांडी २५ अंशांचं साधं पाणी मिसळलं की ४३ अंशांच्या जवळपास येतं. थंडीत नळाचं पाणी २० अंशांच्याही खाली जातं, तेव्हा साधं पाणी दोनच भांडी. एप्रिल-मेमध्ये घरातलं पाणीच ३० अंशांवर असतं, तेव्हा चार. उन्हाळ्याच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून आलेलं तापलेलं पाणी यात धरू नका, हिशेब बिघडतो. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटरही इथे उपयोगाचा नाही, तो साधारण ४२ अंशांपर्यंतच मोजतो. मनगटाच्या आतल्या बाजूला पाणी लावून पाहा: कढत नको, पण कोमटही नको, आणि हात मागे घ्यावासा वाटता कामा नये.

पंचाचे दोन तुकडे करा, प्रत्येकाच्या चार घड्या. एक डोळ्यावर, दुसरा झाकण लावलेल्या कॅसरोलमध्ये. दोन मिनिटांनी बदला. दहा मिनिटांत पाच वेळा बदलला की शेक झाला. पंचा पिळून घ्या, पाणी डोळ्यात ओघळता कामा नये. दुसऱ्या डोळ्याला तोच तुकडा लावायचा नाही, आणि दिवसाअखेर दोन्ही तुकडे साबणाने धुऊन उन्हात वाळत घाला.

आता मण्यांचा मास्क. कापडाच्या दोन कप्प्यांत बारीक खनिज मणी भरलेले असतात, मागे वेल्क्रोचा पट्टा. हे मणी हवेतली ओल धरून ठेवतात आणि तापल्यावर ती वाफेच्या रूपाने सोडतात, त्यामुळे शेक ओलसर लागतो. कोरड्या उष्णतेपेक्षा हा शेक अंगाला सोसवतो आणि कडेवरच्या सुकलेल्या खपल्याही मऊ होतात. याचं मोठं बळ म्हणजे उष्णता टिकते; एकदा तापवला की बहुतेक वेळा सगळी दहा मिनिटं निघतात. उठून पाणी बदलायला लागत नाही, आणि जी गोष्ट सोपी असते तीच माणूस दिवसातून चार वेळा करतो. आम्ही याला वरचा क्रमांक देतो तो मुख्यतः यासाठी.

पण हा वापरताना चुका नेमक्या ठिकाणी होतात. पहिली मायक्रोवेव्हची. खोक्यावर लिहिलेले २० किंवा २५ सेकंद एका ठरावीक वॅटच्या मायक्रोवेव्हसाठी असतात. घरातला ७०० वॅटचा आहे की १००० वॅटचा, हे दाराच्या आतल्या पट्टीवर किंवा पाठीमागे लिहिलेलं असतं. पहिल्यांदा १५ सेकंद लावा, बाहेर काढून मणी हाताने हलवून सारखे करा, मनगटावर १० सेकंद धरून पाहा, आणि लागलं तरच ५-५ सेकंद वाढवा. एकदा आकडा सापडला की मास्कच्या पट्ट्यावर पेनने लिहून ठेवा, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कुणी वापरला तरी भाजणार नाही. दुसरी चूक, लागोपाठ दोनदा तापवणं. मास्क पूर्ण थंड होऊन काही तास मोकळ्या हवेत राहिला, तर मणी पुन्हा ओल धरतात. लगेच तापवला तर शेक कोरडा होतो आणि कुठेतरी जास्त गरम ठिपका राहतो. तिसरी, धुऊन अर्धवट वाळलेला मास्क तापवणं. आत वाफ कोंडून चटका बसतो. धुवायचा तर हाताने, आणि पुण्याच्या जुलै-ऑगस्टमध्ये तो वाळायला दोन दिवस लागू शकतात हे धरून चाला.

पट्टा घट्ट आवळू नका. बुबुळावर दाब पडला की नंतर काही मिनिटं धूसर दिसतं. दाब नसतानाही सुटलेल्या तेलाचा थर डोळ्यावर आल्याने थोडं धूसर दिसू शकतं, त्यामुळे शेक संपल्या संपल्या गाडीची किल्ली हातात घेऊ नये. केराटोकोनस (बुबुळ पातळ होऊन पुढे येण्याचा आजार) असलेल्यांनी असा मास्क डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये, तसंच मोतीबिंदू किंवा चष्म्याचा नंबर घालवायची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनीही. ज्यांच्या घरी मायक्रोवेव्ह नाही त्यांनी हा मास्क घेऊच नये. तव्यावर तापवला तर एका बाजूचे मणी भाजणीसारखे तापतात आणि दुसरी बाजू थंड राहते.

जेलची निळी पट्टी स्वस्त मिळते आणि भरपूर खपते. ती मुळात थंड शेकासाठी बरी. गरम पाण्यात टाकून काढली की पहिली दोन-तीन मिनिटं छान वाटते, मग झपाट्याने उतरते. मायक्रोवेव्हमध्ये टाकली तर जेल मध्येच उकळल्यासारखं तापतं आणि कडा थंड राहतात. शिवण किंवा वेल्ड फुटून जेल डोळ्यात येण्याचा धोका वेगळाच. घरात आधीच असेल तर वापरा, खास आणू नका.

जवसाची पिशवी मात्र आम्हाला मनापासून आवडते. भुसार दुकानातून जवस आणायचं, २२ बाय ९ सेंटिमीटरची जाड सुती पिशवी शिवायची, आडव्या टिपा मारून चार कप्पे करायचे आणि साधारण सव्वाशे ग्रॅम जवस सैलसर भरायचं. ठासून भरलं तर ती नाकावर बसत नाही. जवस गुळगुळीत असल्याने पिशवी चेहऱ्याच्या खळग्यात नीट बसते, आणि उष्णता बऱ्यापैकी धरते. मायक्रोवेव्हमध्ये १०-१० सेकंदांनीच तापवायची. एवढ्याशा जवसाला अर्धा मिनिट फार होतं, दाणे करपतात. वास यायला लागला की जवस बदला. गहू किंवा तांदूळ भरलेल्या पिशव्याही मिळतात, पण पावसाळ्यात त्यात सोंडे होतात आणि ओल धरून बुरशी येते. ती गोष्ट पापणीवर ठेवायची नाही.

यूएसबीवर चालणारा मास्क पॉवर बँकेला लावून ऑफिसात वापरता येतो, आणि तापमान सतत सारखं ठेवतो हा त्याचा खरा गुण. घ्यायचाच तर तीन गोष्टी बघा: अंश सेल्सिअसमध्ये तापमान निवडता येतं का, वेळ संपल्यावर आपोआप बंद होतो का, आणि डोळ्याला लागणारं कापड काढून धुता येतं का. नुसतं "लो, मीडियम, हाय" लिहिलेला घेऊ नका, कारण "हाय" म्हणजे किती हे कुणालाच कळत नाही. मास्क लावून झोपून जाणं यात फार सहज होतं, म्हणून आपोआप बंद होण्याची सोय नसलेला मास्क बाद.

पाकीट फोडलं की आपोआप तापणारे, एकदाच वापरायचे मास्क लोखंडाच्या भुकटीवर चालतात. हवा लागली की लोखंड गंजतं आणि त्यातून उष्णता निघते. चांगल्या प्रतीचे सुमारे ४० अंश आणि २० मिनिटं टिकतात, म्हणजे काम उत्तम करतात. दिवसातून चार वापरले तर मात्र खर्च परवडत नाही. प्रवासासाठी दोन-चार पाकिटं जवळ ठेवावीत. लॅव्हेंडर वगैरे सुगंधाचे नकोत, सुजलेल्या पापणीला ते झोंबतात.

कोणत्याही साधनाने शेक झाल्यावर हात धुऊन, बोटाच्या पेराने पापणीवर हलकेच फिरवायचं: वरच्या पापणीवर वरून खाली, खालच्या पापणीवर खालून वर, म्हणजे नेहमी केसांच्या दिशेने. चार-पाच वेळा, दुखणार नाही इतपत. पुळी दाबून फोडायची नाही. पू आत ढकलला गेला तर संसर्ग पापणीच्या पेशींमध्ये पसरतो आणि सगळी पापणी सुजून डोळा मिटतो. बाहेरून पिकलेली पुळी बहुतेक वेळा आपोआप वाहून जाते, एक ते दोन आठवड्यांत. तोवर लेन्स नाही, काजळ नाही.

घरगुती उपायांपैकी तळव्यावर बोट घासून त्याचा शेक देणं निरुपद्रवी, पण ते दहा सेकंदही टिकत नाही. लवंग किंवा खारकेची बी सहाणेवर उगाळून लावतात. सहाण निर्जंतुक नसते, आणि लवंगेचं तेल डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा करतं. लसूण तर चक्क कातडी भाजतो. उकडलेलं अंडं बाहेरून निवतं आणि आतून कढत राहतं, पापणी भाजण्याचे प्रकार त्याने होतात. हे सगळं टाळा.

आता औषधांच्या फळीबद्दल. अँटिबायोटिकच्या खोक्यावर डाव्या बाजूला उभी लाल रेघ असते. तिचा अर्थ, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे विकायचं नाही. साध्या रांजणवाडीला बहुतेक वेळा ते लागतच नाही. कडेला ब्लेफरायटिस, म्हणजे पापणीच्या कडेची सूज असेल, पू वाहत असेल किंवा पुन्हा पुन्हा येत असेल तर डॉक्टर मलम देतात. मलम थेंबांपेक्षा बरं, कारण ते कडेला चिकटून राहतं. अर्धा सेंटिमीटर पुरतं, ट्यूबचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही, रात्री झोपताना लावायचं, आणि उघडलेली ट्यूब महिन्याने टाकायची. घरात आधीचं उरलेलं काही असेल तर खोक्यावरची नावं वाचा: डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, लोटेप्रेडनॉल. यातलं एकही दिसलं तर ते स्टिरॉइड आहे. लाली एका दिवसात उतरते म्हणून लोकांना ते आवडतं, पण संसर्ग दबून पसरू शकतो, आणि महिनोन्‌महिने वापरलं तर डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. स्वतःच्या मनाने कधीही नाही.

पुन्हा येऊ नये म्हणून करायच्या गोष्टींत पापणीच्या कडेची स्वच्छता सगळ्यात वर. आरशात केसांच्या मुळाशी बारीक नळीसारखी पांढरट खपली दिसली तर ते बहुधा डेमोडेक्स नावाच्या सूक्ष्म किड्याचं लक्षण. पापणी पुसायचे तयार वाइप्स यासाठी चांगले आहेत: डोळा मिटून, केसांच्या मुळांवरून आडवं आठ-दहा वेळा, प्रत्येक डोळ्याला वेगळं वाइप. बेबी शाम्पू पाण्यात दहापट पातळ करून कापसाने लावणं स्वस्त पडतं, पण रोज वापरला तर काहींचे डोळे त्याने कोरडे होतात, म्हणून परवडत असेल तर वाइप्सच घ्यावेत. टी ट्री ऑइल असलेले वाइप्स मिळतात. त्या तेलाची बाटली आणून थेट पापणीला लावणं मात्र धोक्याचं आहे.

काजळ केसांच्या बाहेर लावा. आतल्या कडेवर ओढलेली रेघ बरोबर तेलग्रंथींच्या तोंडांवरून जाते. तुळशीबागेत रेघ ओढून बघायला ठेवलेली काजळाची कांडी डोळ्याला लावायची नाही, हाताच्या पाठीवर बघा. मस्कारा तीन महिन्यांनी टाका. रांजणवाडीच्या काळात वापरलेली कांडी बरी झाल्यावर पुन्हा वापरू नका. आणि पुण्यातली एक खास गोष्ट: स्कूटरवर तोंडाला गुंडाळायचा स्कार्फ. दिवसभराची धूळ आणि घाम घेऊन तो डिकीत पडतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डोळ्यांच्या कडेला घासला जातो. आठवड्याला दोन-तीन स्कार्फ फिरते ठेवा, रोज धुतलेला बांधा, हेल्मेटची काच खाली घ्या. विसर्जन मिरवणुकीतून आल्यावर गुलाल चोळून काढू नका, मिटलेल्या डोळ्यांवर भरपूर पाणी घाला.

वरचेवर रांजणवाडी येणाऱ्या मोठ्या माणसाने रक्तातली साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) तपासून घ्यावं, मधुमेह कधीकधी असाच पहिल्यांदा लक्षात येतो. ताप, सगळी पापणी लाल होऊन डोळा न उघडणं, डोळा हलवताना दुखणं, दोन-दोन दिसणं, नजर कमी होणं किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटणं, यातलं एक जरी दिसलं तर शेक बाजूला ठेवून त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. लहान मुलांच्या बाबतीत तर रात्रीसुद्धा थांबायचं नाही. ससूनचा नेत्रविभाग, महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय किंवा आपले नेहमीचे नेत्रतज्ज्ञ, जे जवळ असेल ते.

दुखणं थांबलं पण कडक गाठ राहिली, तर ते कलेझियन. त्यालाही शेकच, पण चार ते सहा आठवडे धीर धरावा लागतो. तरी गेली नाही तर पापणीला भूल देऊन, आतल्या बाजूने छोटी चीर पाडून ती खरवडून काढतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम असतं, टाका बहुधा लागत नाही आणि बाहेर व्रण दिसत नाही. गाठीत स्टिरॉइडचं इंजेक्शन हा दुसरा पर्याय, पण सावळ्या कातडीवर त्या जागी पांढरट डाग पडू शकतो, तो आधी विचारून घ्यावा. पन्नाशीनंतर त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, किंवा तिथले पापणीचे केस गळाले असतील, तर काढलेला तुकडा बायोप्सीला पाठवायला आवर्जून सांगा. पापणीच्या तेलग्रंथीचा कर्करोग सुरुवातीला हुबेहूब कलेझियनसारखाच दिसतो.